फुले मार्केटातलं साडीचं दुकान: गिऱ्हाईक म्हणून चार स्टार, पण दहावी-अकरावीतल्या पोरींनी कामाला लागायचं तर हे वाचा

मार्च संपत आला की जळगावात फुले मार्केटच्या शटरांवर, काचांवर, कुठे नुसत्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेल्या पाट्या दिसायला लागतात: 'कामासाठी मुले-मुली पाहिजे. अनुभवाची गरज नाही.' दहावीचा शेवटचा पेपर टाकून आलेली पोरं त्या वाचतच उभी असतात. खान्देशात सालदार, म्हणजे शेतावरचा वर्षाचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो, तसा दुकानातला पोऱ्याही साधारण त्याच सुमाराला ठरतो, कारण लग्नसराई तेव्हा ऐन भरात असते. २०२२ च्या एप्रिलमध्ये अशीच एक पाटी वाचून मी एका साडीच्या दुकानात लागले. सुट्टीत पूर्ण दिवस, अकरावी सुरू झाल्यावर कॉलेज करून अर्धा दिवस, आणि बारावीची दिवाळी झाल्यावर सोडलं. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या आसोद्यातल्या दोन पोरींनी परवा विचारलं, "ताई, तुझ्या त्या दुकानात लागू का गं?" त्यांना तोंडी सांगता सांगता रात्र झाली, म्हणून आता लिहूनच टाकते.

दुकानाचं नाव लिहिणार नाही. पगाराचं आणि वेळेचं बोलायचं आहे, आणि तिथली माणसं अजून येता-जाता भेटतात. नाव कळलं नाही म्हणून फार बिघडणार नाही. यातलं बरंचसं त्या गल्लीतल्या कुठल्याही कापड दुकानाला लागू पडेल. गुगलवर या दुकानाचे रिव्ह्यू भरपूर आहेत. 'व्हरायटी छान', 'शेठ बोलायला चांगले', 'पार्किंगचा त्रास'. काउंटरच्या आतून कुणी काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

आधी गिऱ्हाइकासाठी थोडक्यात. सहावारी, नऊवारी, शालू, देण्याघेण्याच्या साड्या, सगळं एका जागी मिळतं. माल बहुतेक सुरतेचा. आपल्याकडून सुरत-भुसावळ लाईन जाते, शेठ महिन्या-दोन महिन्यांनी रात्रीच्या गाडीने जातात आणि गठ्ठे मागून ट्रान्सपोर्टने येतात. त्यामुळे नवीन डिझाईन इथे लवकर दिसतं. पैठणी म्हणून जे ढीगभर ठेवलंय ते बहुतेक सेमी, म्हणजे यंत्रावरचं. येवल्याच्या हातमागाच्या थोड्याच, त्या वेगळ्या काचेच्या कपाटात. विचारलं तर इथे खोटं सांगत नाहीत, पण विचारलं नाही तर आपणहून सांगतही नाहीत. तेव्हा विचारा, आणि पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच दिसतो. यंत्राच्या पदरामागे कापलेल्या धाग्यांचं जंगल असतं. शुद्ध रेशीम म्हणून दाखवलं तर सिल्क मार्कचं लेबल मागा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ते २००४ पासून आहे, मागण्यात लाज कसली. बिल असेल आणि फॉल-पिको झालेला नसेल तर आठवड्याच्या आत साडी बदलून मिळते, पैसे परत मिळत नाहीत. लग्नाची खरेदी असेल तर रविवारी दुपारी जाऊ नका. मधल्या वारी सकाळी अकराला जा. पोरं ताजीतवानी असतात, वरच्या फळीवरची साडी सुद्धा हसत काढून देतात. संध्याकाळी सात वाजता तीच साडी मागाल तर आमचा चेहरा बघा.

आता आतलं.

दुकान अरुंद आणि खोल आहे. खाली काउंटर, तिथे रोजच्या वापराच्या आणि देण्याघेण्याच्या साड्या. लाकडी जिना चढून वर गेलं की पांढरी गादी, तिथे लग्नाचा माल. त्याच्यावर गोडाऊन, पत्र्याचं. एसी फक्त गादीवर. खाली कूलर, आणि गोडाऊनमध्ये देवाची कृपा. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पत्र्याखालच्या गोडाऊनबद्दल वेगळं सांगायला नको; बाहेर ४४-४५ असताना वरून गठ्ठा आणायला पाठवलं की पोरं एकमेकांकडे बघायची. नवीन माणसाला पहिले काही दिवस तिथेच ठेवतात. गठ्ठे सोडायचे, चलनावरचे नग मोजायचे, टॅग लावायचे. हे काम कंटाळवाणं आहे, पण मन लावून करा. माल हाताखालून गेला की कुठे काय आहे ते डोक्यात बसतं, आणि खाली काउंटरवर आल्यावर ज्याच्या डोक्यात माल तोच चालतो.

शिकवणारे नाना. वय साठीच्या पुढे, आयुष्य त्याच गादीवर गेलेलं. शेठ त्यांना 'नाना' म्हणतात आणि ते शेठना 'भाऊ'. या दुकानाला मी जे काही गुण देणार आहे त्यातले बरेचसे नानांचे आहेत. साडी उघडून दाखवायला शिकवतानाच त्यांनी पहिल्या दिवशी माझे हात हातरुमालाने पुसायला लावले. घामाच्या हाताने साडीची जर धरली की ती काळी पडते. मग दाखवलं. साडी गिऱ्हाइकापुढे फेकायची नाही. घडी डाव्या पंजावर, पदराचं टोक उजव्या चिमटीत, आणि मनगटाचा एकच हलका झटका. पदर सरकत जाऊन समोरच्या बाईच्या मांडीवर पडला पाहिजे, काठ तिच्याकडे आला पाहिजे. बाईने पदराला हात लावला की आपण बोलणं बंद. ती साडी बघत असताना तिच्या कानाशी कटकट करायची नाही.

घडी घालणं त्याहून अवघड. नेहमीची साडी साडेपाच मीटर आणि वर ऐंशी सेंटिमीटर ब्लाउज पीस, म्हणजे सव्वासहा मीटरच्या वर कापड. ते गादीवर एकट्याने, बसल्या बसल्या, जुन्याच मोडीवर परत बसवायचं. मोड चुकली की साडी हाताळलेली दिसते, आणि हाताळलेली दिसली की पुढचं गिऱ्हाईक शंभर रुपये कमी करून मागतं. नऊवारीची घडी तर आणखी वेगळी. आठ मीटरच्या पुढचं ते लुगडं घडी करताना दोघं लागतात, आणि दुसरं माणूस मोकळं नसेल तर टोक पायाच्या अंगठ्याखाली धरून. नाना ते दोन मिनिटांच्या आत करतात. मला ते कधीच तितकं जमलं नाही, पण घरच्या साड्यांच्या घड्या आता मी घालते, आई हात लावत नाही.

आणि बघायचं कसं ते. नवरीकडे बघू नको, नाना म्हणायचे, यादी कुणाच्या हातात आहे ते बघ. बहुतेक वेळा ती आत्या असते नाहीतर मोठी काकू. ज्या साडीला तिने हात लावला ती तिथेच राहू द्यायची. जी तिने बोटाच्या टोकाने सरकवली ती लगेच उचलून घडी करायची, दुसऱ्यांदा दाखवायची नाही. एका वेळी समोर तीनच उघड्या. दहा उघडल्या की गिऱ्हाईक "जरा दुसरीकडे बघून येतो" म्हणून उठतं, आणि ते उठलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. मधल्या भावापासून सुरुवात करायची. खालून सुरुवात केली तर त्याला वाटतं आपल्याला गरीब समजले, वरून केली तर घाबरतं.

रेशीम ओळखायला त्यांनी कटपीसच्या डब्यातले दोन धागे काढून काडी लावली. एक जळताना केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांनी चुरगाळता येईल अशी राख राहिली. दुसरा वितळून कडक मणी झाला. "हा सुरतेचा," नाना म्हणाले. बारावीच्या एखाद्या प्रॅक्टिकलमध्ये इतकं लक्षात राहिल्याचं मला आठवत नाही.

टॅगवरच्या अक्षरांचं गुपित मात्र शेठ उशिरा सांगतात. प्रत्येक टॅगवर विक्रीच्या भावाखाली तीन-चार अक्षरं लिहिलेली असतात. दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, आणि त्या अक्षरांत खरेदीचा भाव. तो शब्द कळला की आपण दुकानातले झालो असं समजायचं. तो इथे लिहिणार नाही, इतकं मीठ खाल्लंय. पण तो कळल्यावर भिंतीवरच्या 'एकच भाव' या पाटीकडे बघून हसू यायला लागतं. भाव करण्याची पण रीत ठरलेली आहे. पोरगी म्हणणार, "मावशी, मला कमी करता येत नाही, नानांना विचारते." नाना टॅग बघणार, डोळे मिटल्यासारखे करणार, आणि म्हणणार, "भाऊंना विचारावं लागेल." शेठ गल्ल्यावरून मान वर न करता विचारणार, "कुठली पार्टी?" गाव कळलं की आकडा ठरतो. त्या गावातली आधीची किती लग्नं या दुकानातून गेली आहेत ते त्यांना तोंडपाठ.

पण या कामाची खरी गंमत बस्त्याला, म्हणजे लग्नघरची सगळी कापडखरेदी एकदम होते तेव्हा. धरणगाव, पारोळा, यावल, जामनेर, कुठून कुठून क्रूझर भरून माणसं यायची. बायका वर गादीवर, पुरुष खालच्या बाकावर, आणि पोरं जिन्यावर वर-खाली. एकदा पारोळ्याकडची पार्टी आली होती. यादी शाळेच्या वहीच्या मधल्या जोडपानावर लिहिलेली, घडीवर फाटायला आलेली. वरमाई एक, मावश्या चार, आत्या तीन, चुलत्या पाच, 'शेजारच्या' दोन, आणि खाली वेगळ्या अक्षरात, पेन्सिलने: 'धाकल्या मामीला चांगली'. त्या एका ओळीवर अर्धा तास गेला. चांगली म्हणजे किती चांगली? बाकीच्यांपेक्षा भारी दिली तर बाकीच्या बोलणार, सारखी दिली तर मामी बोलणार. शेवटी नानांनी त्याच भावातली, पण काठ रुंद असलेली काढून दिली. भाव सारखा, दिसायला भारी. म्हाताऱ्या आजीने ती हातात घेऊन मला विचारलं, "कितलानी शे वं बईन?" मी भाव सांगितला. "गरिबले मारी टाकशी का?" म्हणाल्या, आणि यादीतल्या त्या ओळीवर काट मारली. त्यांना घ्यायचीच होती.

आमच्या घरची बोली लेवा. अहिराणी मला कळायची, बोलता यायची नाही. दुकानाने बोलायला लावली. यावल-रावेरकडची बाई "मले हे भडक वाटते" म्हणाली की मी आपोआप घरच्यासारखी बोलायचे, आणि अमळनेरकडची "ती वरली दखाड ना" म्हणाली की दुसऱ्या बोलीत. आपल्या बोलीत उत्तर मिळालं की गिऱ्हाईक मांडी ठोकून बसतं. हे नानांनी नाही शिकवलं, आपोआप आलं. कॉलेजात प्रेझेंटेशन द्यायला पोरी घाबरतात, मला त्याचं काही वाटत नाही. समोर वीस बायका, त्यातल्या चार नाराज, दोन रुसलेल्या, एकीचं बाळ रडतंय, यापुढे वर्गातलं व्यासपीठ म्हणजे काय!

अभ्यासाचं म्हणाल तर एका विषयात फायदाच झाला. अकरावीला बुक-कीपिंगमध्ये डेबिट नोट, क्रेडिट नोट ही प्रकरणं सगळे घोकायचे. आमच्याकडे सुरतेचा एक गठ्ठा आला, त्यात डागी माल निघाला, तो परत गेला, आणि मुनीमकाकांनी त्याची डेबिट नोट माझ्यासमोर लिहिली. व्यापाऱ्याकडून क्रेडिट नोट यायला दोन महिने लागले आणि तोवर शेठ रोज फोनवर ओरडत होते. असं प्रकरण कोण विसरेल? बाकीच्या विषयांचं मात्र विचारू नका. इकॉनॉमिक्स मी रिक्षात वाचलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पैसे आणि वेळ.

सुट्टीत पूर्ण दिवसाचे महिन्याला पाच हजार, कॉलेज सुरू झाल्यावर अर्ध्या दिवसाचे तीन. नंतर थोडे वाढले. दहा तारखेच्या आत पाकिटात रोख, यात कधी टाळाटाळ झाली नाही, हे कबूल करायला हवं. पडून राहिलेला माल खपवला तर साडीमागे दहा-वीस रुपये वेगळे. दिवाळीला एक साडी आणि मिठाईचा पुडा. पण पहिल्या महिन्यातले पंधरा दिवसांचे पैसे 'डिपॉझिट' म्हणून ठेवून घेतात, म्हणजे पोरगं मध्येच पळून जाऊ नये म्हणून. बारावीच्या दिवाळीनंतर मी सांगितलं की आता बोर्ड आहे, येणार नाही. शेठ म्हणाले, तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होते, एवढी काढून जा. मी नाही म्हटलं. रागावले नाहीत, चहा पाजला, पण ते पंधरा दिवसांचे पैसे मिळायला फेब्रुवारी उजाडला, आणि त्यासाठी पप्पांना दोन चकरा माराव्या लागल्या. माझ्या मते हे वाईट आहे. रक्कम किती हा प्रश्न नाही. ते माझ्या घामाचे पैसे होते. तेव्हा लागायच्या आधी विचारा की डिपॉझिट धरता का, आणि किती दिवसांत परत देता. तोंडी सांगितलं तर घरच्या मोठ्या माणसासमोर सांगायला लावा.

वेळ हा त्याहून मोठा घोळ. अर्धा दिवस म्हणजे कागदावर दुपारी एक ते सात. प्रत्यक्षात सातला दुकानात पाय ठेवायला जागा नसते, अशा वेळी "मी निघते" कोण म्हणणार? सराईत नऊ, साडेनऊ व्हायचे. पप्पा मोटारसायकल घेऊन कोपऱ्यावर थांबायचे आणि घरी जाईपर्यंत बोलायचे नाहीत. मला वाटायचं दमलेत. ते दुकानावर चिडलेले असायचे हे मला आईने खूप नंतर सांगितलं.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते या पोरींना माहीत असावं म्हणून सांगते. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चौदा ते अठरा या वयाचं सहसा कुणाला ठाऊक नसतं. १९८६ चा बालकामगारांचा कायदा २०१६ मध्ये बदलला, त्यात या वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर बंदी आहे. दुकानात काम करता येतं, पण अटी आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती. विश्रांती धरून सगळं मिळून सहा तासांत संपलं पाहिजे. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. ओव्हरटाईम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, आणि दुकानदाराने अशा मुलांची नावं-जन्मतारखा नोंदवहीत ठेवायच्या. आता हे फुले मार्केटात कोण पाळतं ते तुम्हीच जाऊन बघा. आमच्याकडे सराईत आठवड्याची सुट्टी सुद्धा "नंतर घे" व्हायची. पण कायदा माहीत असला की निदान "सातला मला जावं लागेल" हे वाक्य घशातून बाहेर येतं. माझ्या नंतर लागलेल्या एका मुलीच्या आईने पहिल्याच दिवशी ते ठणकावून सांगितलं होतं, आणि शेठनी ऐकलं. तिला सातला सोडायचे. म्हणजे मागितलं तर मिळतं.

आणि पाय. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. वर गादीवर काम असेल तर बसायला मिळतं, पाठ दुखते ती वेगळी. पण पोरींना जास्त करून खालच्या काउंटरला उभं करतात. तिथे स्टुलं आहेत, ती गिऱ्हाइकांसाठी. दुकान रिकामं असलं तरी बसायचं नाही. बसलेली पोरगी शेठना कामचुकार दिसते, आणि शेठ म्हणतात गिऱ्हाइकालाही तसंच वाटतं. मला कधी कुठलं गिऱ्हाईक तसं बोललेलं आठवत नाही. उलट मावश्याच म्हणायच्या, "बस ना वं पोरी, किती उभी राहशील." रात्री पोटऱ्या इतक्या ठणकायच्या की आई खोबरेल लावून द्यायची. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी याच बसण्यासाठी कितीतरी वर्षं लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बसायची सोय करणं बंधनकारक झालं. तमिळनाडूने २०२१ मध्ये केलं. म्हणजे एक स्टूल मिळायला कायदा लागतो. या दुकानाचा एक स्टार मी फक्त यासाठी कापते आहे.

चांगल्यातलं आणखी. मागच्या बाजूला संडास-बाथरूम आहे आणि कडी नीट लागते. हसू नका, त्या मार्केटात काम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा याची किंमत. दोन वेळचा चहा दुकानाचा. डबा गठ्ठ्यांच्या आडोशाला पेपर पसरून सगळ्यांचा एकत्र. माझी कळण्याची भाकरी आणि भरीत नानांच्या डब्यातल्या साध्या वरणावर लगेच खपायचं. एखादा पुरुष गिऱ्हाईक उगाच रेंगाळायला लागला तर काही न बोलता नाना काउंटरला येऊन उभे राहायचे आणि आम्हाला वर पाठवायचे. या बाबतीत घरच्यांनी निर्धास्त राहावं.

आमच्या मावशीचा मुलगा तेव्हाच हायवेच्या बाजूच्या एका मोठ्या रेडिमेड कपड्यांच्या शोरूमला विचारायला गेला होता. एसी, युनिफॉर्म, बोटाची हजेरी, बँकेत पगार. त्याला गेटवरच विचारलं, अठरा पूर्ण आहेत का? नव्हते. म्हणजे नियम जिथे पाळले जातात तिथे आपल्याला घेत नाहीत, आणि जिथे घेतात तिथे नियम भिंतीवरच्या 'एकच भाव'सारखे. अकरावीतल्या पोरांच्या वाट्याला म्हणून अशीच दुकानं येतात, आणि म्हणूनच त्यांचा रिव्ह्यू लिहिणं मला गरजेचं वाटलं.

काम शिकायला मिळण्यासाठी पाचपैकी पाच, माणसांसाठी चार, पगारासाठी दोन, वेळेसाठी एक. आसोद्याच्या त्या दोघींना मी म्हटलं, दहावीची सुट्टी आणि अकरावी, बिनधास्त लागा. बारावीच्या गणपतीनंतर एक दिवस सुद्धा नको. सराई कुणाची थांबत नाही, बोर्डही थांबत नाही. नाना आता रोज येत नाहीत, गुडघ्यांमुळे फक्त बस्त्याच्या दिवसांत येतात, तेव्हा त्यांच्या शेजारी गादीवर बसायला मिळेल असं बघा. जाताना आधार आणि मार्कशीटची झेरॉक्स न्या. मूळ मार्कशीट 'फाईलला लावायची आहे' म्हणून कुणी मागितलं तर देऊ नका. झेरॉक्सवर भागतं. माझं मूळ मी दिलं नव्हतं, आणि दिलं नाही म्हणून कुणी मला कामावरून परत पाठवलं नाही.